एक मिनिट आणि एक लिटर

मागच्या महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागात एका आशाताईंसोबत दिवसभर फिरले, विडी कामगारांची वस्ती, बहुतेक घरात तेलुगू बोलतात. एका घरी १४ दिवसांचं बाळ होतं, आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. ताईंनी लांबूनच हात धुवायला पाणी मागितलं, झबलं वर केलं, मोबाईलवर मिनिट लावलं आणि बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात अव्वांनी, म्हणजे बाळाच्या आजींनी, काहीतरी विचारलं, मोजणी तुटली. ताईंनी परत पहिल्यापासून मोजलं, ५४ भरले.

हे एक मिनिट किती मोलाचं आहे ते मला त्या दिवशी कळलं. न्यूमोनियात फुफ्फुसातल्या बारीक पिशव्यांमध्ये द्रव साचतो, फुफ्फुस ताठर होतं, एका श्वासात पुरेशी हवा मिळत नाही म्हणून बाळ भराभर श्वास घेतं. म्हणजे स्टेथोस्कोप नसला तरी आजार बाहेरून दिसतो, मोजता येतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, आणि बाळ शांत असताना मोजायचं, रडताना किंवा पिताना नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतोच, मधेच थांबतो, मधेच पळतो. आया म्हणतात ना "पोट उडतंय", तेही खरं लक्षण आहे, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

पण जिला साठपर्यंत मोजताच येत नाही तिनं काय करायचं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी यावर एक साधन बनवलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. निरक्षर सुईणीसुद्धा ते वापरू शकल्या. पुढे तिथल्याच गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातात त्याचं मूळ तिथं आहे. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्या बायकांना नुसतं लेक्चर देऊन सोडलं नाही, हातात जमेल असं साधन दिलं आणि मागे तपासायला माणूस ठेवला.

दुसऱ्या घरी दीड वर्षाच्या मुलीला जुलाब. आजी म्हणाल्या, "पाणी पाजलं की अजून जुलाब होतंय की, म्हणून बंद केलंय." ओआरएसचं पाकीट घरात होतं पण ते पेल्यात थोडंथोडं टाकून देत होते! साखर आणि मीठ आतड्याच्या पेशीत एकाच दारातून जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं, जुलाबातही ते दार चालू असतं, सगळी जादू तिथं आहे. मिश्रण फार घट्ट झालं तर उलटं शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. म्हणून मोठं पाकीट एक लिटरला, पूर्ण एकदम. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी नातेवाइकांच्या हातात दिलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू साधारण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आले.

आता सोलापुरात पाणी रोज येत नाही, घरात हंडे, कळशा, पिंप भरलेले, तांब्या प्रत्येक घरात वेगळ्या मापाचा, लिटर म्हणजे किती हे सांगून कसं कळणार? ताईंनी पिशवीतून लिटरची रिकामी बाटली काढली, पाणी भरून पातेल्यात ओतलं आणि पाकीट आजीच्या हातात दिलं, "आता तुम्ही करा." आजींनी केलं, चाखून बघितलं. मग झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी १४ दिवस, आणि २४ तासांनी उरलेलं पाणी फेकायचं, हे आजींकडून परत म्हणवून घेतलं. या एका घरात ताईंची चाळीस मिनिटं गेली.

ती बाटली ताईंची स्वतःची. वजनकाट्याचा हुक तुटलाय, थर्मामीटरचा सेल संपलाय, आणि तेलुगू, कन्नड घरांत दाखवायला हातात फक्त मराठी तक्ता. वरून ऑनलाइन नोंदी आणि वेगवेगळे सर्व्हे. बाळाच्या सहाही भेटी पूर्ण झाल्या की मोबदला २५० रुपये, तोही वेळेवर मिळाला तर. नवीन योजना काढायच्या आधी एवढं तरी द्या ना त्यांना, चालणारा काटा, घरच्या भाषेतली चित्रं, आणि महिन्यातून एकदा गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताई, सोबत बसून खऱ्या बाळाचे श्वास दोघींनी मोजून आकडा जुळतो का बघणं.

त्या पहिल्या घरातून निघताना ताईंनी अव्वांना तेलुगूत काहीतरी सांगितलं, मी विचारलं काय म्हणालात. "एकविसाव्या दिवशी परत येते म्हटलं, तोवर बाळ दूध कमी प्यायला लागलं तर रात्री पण फोन करा."