वणांनी बिघडलेली हृदयाची लय

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडवणाऱ्या विकारावर अब्लेशन करतात, म्हणजे हृदयात मुद्दाम वण पाडतात. आणि बऱ्याचदा या विकाराच्या मुळाशीही वणच असतात. सगळा प्रश्न वण कुठे आहे याचा.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड. उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडणे, झडपेचा आजार किंवा निव्वळ वय यामुळे तिच्यावर वर्षानुवर्षे ताण आला, की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी स्नायूपेशींच्या मधे कोलॅजेनचे धागे भरत सुटतात. हेच ते मुळाशी असलेले वण. कोलॅजेनमधून विजेचा संदेश जात नाही. तो वळसे घेतो, रेंगाळतो, फिरून मागच्याच जागी येतो आणि घुमत राहतो. अलिंद मग आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरते. मनगटाला बोटे लावली तर नाडीत काही मेळच लागत नाही: दोन ठोके घाईचे, एक उशिरा, एखादा हाताला लागतच नाही.

अमेरिकन सर्जन जेम्स कॉक्स यांनी 1987 मध्ये घुमणाऱ्या विजेची वाट अडवायला अलिंदात ठरावीक जागी छेद देऊन ते पुन्हा शिवले. भरलेली जखम हाच बांध. 1998 मध्ये बोर्डोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने दाखवले, की विकाराची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमध्ये पडते. म्हणून आता मांडीच्या शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी नेऊन त्या शिरांच्या तोंडांभोवती वणांचे कडे करतात.

आधीपासून असलेल्या वणांचे काय? गॅडोलिनियम टोचून काढलेल्या एमआरआयमध्ये ते उजळ दिसतात. 2014 च्या 'डिकॅफ' अभ्यासात अलिंदाच्या भिंतीचा दहा टक्क्यांहून कमी भाग वणांनी व्यापलेल्यांपैकी सुमारे 15 टक्के रुग्णांत अब्लेशननंतर वर्षभरात विकार परतला; तीस टक्क्यांहून जास्त व्यापलेल्यांत हे प्रमाण 51 टक्क्यांवर गेले. मग ते वणही जाळून टाकावेत, हे ओघाने आलेच. 843 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांवर तसे करून पाहिले गेले. 2022 मध्ये निकाल आला: नेहमीच्या अब्लेशननंतर 46 टक्क्यांत विकार परतला, वणांचा पाठलाग केलेल्यांत 43 टक्क्यांत. हा फरक ग्राह्य धरण्याइतका नव्हता, आणि दुसऱ्या गटात काहींना पक्षाघात झाला तो वेगळाच. इतकी पटणारी कल्पना अशी आपटली, हे मला या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

साचलेले कोलॅजेन विरघळवण्यासाठी मान्यता मिळालेली गोळी अजून नाही. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक वण वाढवते, म्हणून त्याला अडवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर मोठी भिस्त होती. पण इटलीत 2009 मध्ये त्यांपैकी व्हाल्सार्टन या गोळीने विकार परतणे थांबले नाही. (रक्तदाबासाठी ती घेत असाल तर यावरून बंद करू नका.) त्यामानाने वजनाची गोष्ट आशादायक आहे. ॲडलेडमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवणाऱ्या लठ्ठ रुग्णांत लय टिकण्याची शक्यता बाकीच्यांच्या सहापट होती. रक्तदाब, दारू, घोरणे यांकडेही लक्ष द्यावेच लागते. हे सगळे अब्लेशनच्या आधीपासून करायचे. 'एकदा प्रोसिजर होऊ दे, मग बघू' असे नाही.

थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, विशेषतः डावीकडच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात. गुठळी तिथून मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून अब्लेशन यशस्वी झाले तरी रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची का, हे वय, मधुमेह, रक्तदाब, आधीचा पक्षाघात यांवरून ठरते. नाडी सुरळीत लागते म्हणून नाही. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण पुष्कळ. त्यांच्यासाठी वॉरफेरिनसारखी जुनी, वरचेवर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) तपासायला लावणारी गोळीच योग्य. 2022 च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीपेक्षा तिच्यावर असलेल्यांत मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्राव काही जास्त झाला नाही.