डबे वाटून झाले, पुढे काय?

१९९० साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत एक साधासा उपक्रम सुरू झाला. घरांना लागणाऱ्या आगींमध्ये शहराच्या कुठल्या भागात सर्वाधिक माणसं होरपळतात, हे नोंदींवरून शोधलं आणि तो सुमारे ६२ चौरस किलोमीटरचा तुकडा नकाशावर वेगळा काढला. तिथे दारोदार फिरून धुराची चाहूल लागताच कर्कश ओरडणारे डबे, म्हणजे स्मोक अलार्म, फुकट वाटले. एकूण १०,१०० डबे. पुढच्या चार वर्षांत त्या भागातलं जखमींचं प्रमाण ८० टक्क्यांनी उतरलं. उरलेल्या शहरात ते किंचित वाढलं होतं.

असा निकाल बघून दुसऱ्या कुणी हाच कित्ता गिरवला नसता तरच नवल. लंडनच्या मध्यवर्ती भागातल्या गरीब वस्त्यांत जवळपास दुप्पट डबे गेले, २०,०५०. या वेळी संशोधक जास्त काटेकोर होते. त्यांनी ४० वॉर्ड घेतले आणि डबे कुठल्या वॉर्डांत द्यायचे, कुठल्यांत नाही, हे सोडतीवर सोडलं. डब्याबरोबर बसवायचं सामान होतं, माहितीपत्रक होतं, सांगितलं तर माणूस येऊन बसवूनही देणार होता. २००२ साली निकाल छापून आला: जखमींचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं. डबे घरात पोचले होते, पण फारच थोडे छतापर्यंत गेले होते, आणि जे गेले तेही सगळे चालू राहिले नव्हते.

आपल्या भागात आगी टाळण्याचा कार्यक्रम ज्याच्या गळ्यात पडतो, त्याला पहिल्याच दिवशी या दोन शहरांची गोष्ट सांगावी असं मला वाटतं. वाटप सोपं असतं. वाटपाचे फोटो निघतात, आकडा अहवालात चढतो. अवघड काम त्यानंतरचं.

मुळात एवढ्याशा डब्याचा आग्रह कशासाठी? उत्तर मिनिटांत आहे. बंद खोलीत आग पेटली की गरम धूर छताशी साठतो आणि त्या थराची उष्णता खालच्या सगळ्या वस्तूंवर पडत राहते. छताजवळचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आगीचा स्पर्शही न झालेल्या वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. अग्निशमनवाले याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि त्यानंतर त्या खोलीतून जिवंत बाहेर पडणं अशक्यप्राय असतं. अमेरिकेत दोन दिवाणखाने मुद्दाम पेटवून बघण्याचे प्रयोग झाले आहेत. लाकूड, कापूस, लोकर अशा जुन्या सामानाच्या खोलीला फ्लॅशओव्हरपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. फोमचे सोफे आणि सिंथेटिक पडदे असलेली खोली पाच मिनिटांच्या आत गेली. फोन लागून, गाडी निघून, रस्ता कापून जवान दारात येईपर्यंत पाच मिनिटं सहज उलटतात. दल कितीही तरबेज असो, ही शर्यत अंतरामुळेच हरलेली असते.

त्यात माणूस झोपलेला असेल तर नाकाचा भरवसा नाही. ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकाडन आणि रेचेल हर्झ यांनी झोपलेल्या माणसांच्या नाकाशी पेपरमिंटचा आणि पिरिडिन नावाच्या उग्र रसायनाचा वास सोडून पाहिला. झोप जरा लागल्यावर वासाने जाग येईलच याची खात्री उरली नाही. कानाने मात्र जाग येते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे ज्वाळा पलंगापर्यंत येण्याआधीच झोपेचं रूपांतर बेशुद्धीत झालेलं असतं. अमेरिकेत घरातल्या आगींत जाणाऱ्या दर पाच बळींपैकी साधारण तीन अशा घरांतले असतात, जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण बंद होता.

‘होता पण बंद होता’ हे कळायला डबा उघडून पाहायला हवा. एका जातीच्या डब्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा, एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, असा कण असतो. त्यातून निघणारे अल्फा कण दोन पट्ट्यांमधली हवा विद्युतवाहक करतात आणि एक क्षीण प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. या शोधाची कथा मजेशीर सांगतात. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. ते काही केल्या जमेना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली, तर इतका वेळ ढिम्म असलेला काटा धुराने हलला! दुसऱ्या जातीत किरणोत्सार नाही, फक्त प्रकाश आहे. एक बारीक दिवा आणि त्याच्या थेट समोर नसलेला संवेदक. एरवी संवेदकाला प्रकाश दिसत नाही. धूर आला की प्रकाश विखुरतो आणि त्यातला थोडा त्याच्यावर पडतो. पहिली जात भडकून जळणाऱ्या आगीला चटकन ओळखते, दुसरी धुमसणाऱ्या आगीला.

गोची पहिल्या जातीत आहे. तापलेल्या कढईतून उडणारे अतिसूक्ष्म कणही तिला धूरच वाटतात. छोट्या घरात चूल आणि छतावरचा डबा यांत जेमतेम चार पावलांचं अंतर. म्हणजे आग कधीच लागत नाही, स्वयंपाक मात्र रोज होतो, आणि डबा रोज ओरडतो. आठवड्याभरात कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवतं. याला निष्काळजीपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही. खोटं ओरडणाऱ्या पहारेकऱ्याला कुणीही गप्पच करेल. लंडनच्याच कॅमडन भागात दुसरी एक चाचणी झाली, त्यात तर डबे स्वतः बसवून दिले होते. १५ महिन्यांनी जाऊन पाहिलं तर चालू अलार्म जेमतेम निम्म्या घरांत सापडला. बाकी ठिकाणी बॅटरी गायब, नाहीतर डबाच गायब. ज्या डब्यांत दीर्घकाळ टिकणारी लिथियम बॅटरी आणि आवाज तात्पुरता थांबवायचं बटण होतं, ते जास्त तगले.

बॅटरी संपत आली की दर मिनिटाला होणारा तो ‘टुक्’ही बहुतेक वेळा अपरात्रीच सुरू होतो. योगायोग नव्हे. पहाटे घर सर्वांत गार असतं, गारव्याने बॅटरीचा विद्युतदाब घसरतो आणि इशाऱ्याची पातळी नेमकी तेव्हाच गाठली जाते. झोपमोड झालेला माणूस त्या डब्याचं काय करतो, हे वेगळं सांगायला नको.

संशोधक नंतर त्या लंडनकरांशी बोलायला बसले. आगीची भीती लोकांना होतीच, अलार्मही हवा होता. पण भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायची धास्ती होती, सरकारी माणसाला घरात घ्यायला मन तयार नव्हतं, आणि आधीच कावलेल्या घरात आणखी एक गोंगाट नको होता. म्हणजे लोक धोक्यांचा हिशोबच करत होते, फक्त त्यात आगीशिवायचे धोकेही धरत होते. ‘जनजागृती करू’ म्हणणाऱ्यांना हे पचायला जड जातं. माहिती कमी नव्हतीच. वस्तू आणि घर यांचं जमत नव्हतं.

मग कार्यक्रम चालवणाऱ्याने करायचं काय? सुरुवात कंटाळवाणी आहे: अग्निशमन दलाकडे आलेल्या जुन्या वर्द्या, म्हणजे आगीच्या खबरा, काढून नकाशावर ठिपके लावत बसणं. आग सगळीकडे सारखी लागत नाही. एकटे राहणारे वृद्ध, चालता न येणारे, अंथरुणात विडी-सिगारेट ओढणारे, दाटीच्या भाड्याच्या घरांतले, ठिपके यांच्याभोवती गोळा होतात. शाळेत जाऊन मुलांना बंब दाखवण्याचा कार्यक्रम सगळ्यांनाच आवडतो, मलाही, पण ठिपके सहसा शाळेच्या वर्गात नसतात. यादी हातात आली की पिशवीत माहितीपत्रकाआधी शिडी, ड्रिल आणि लिथियम बॅटरीचा डबा हवा. तो चुलीपासून निदान तीन मीटर लांब, झोपायच्या खोलीजवळ बसवायचा. आणि एवढं करूनही चूल फार लांब नसेल, तर प्रकाशावर चालणारा. आणि निघण्याआधी घरच्यांकडूनच बटण दाबून घ्यायचं.

विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरने अपघातांकडे पाहण्याची एक चौकट दिली: घटनेआधी, घटनेच्या वेळी, घटनेनंतर, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, वस्तू, परिसर. सोफ्यावर पडलेल्या सिगारेटचं उदाहरण घ्या. माणसाला समजावणं हा या नऊ चौकोनांपैकी एकच झाला. दुसऱ्यात सिगारेटच बदलता येते. कागदावर ठरावीक अंतराने कमी सच्छिद्र पट्टे दिले की न ओढता ठेवलेली सिगारेट पट्ट्याशी येऊन विझण्याची शक्यता वाढते. न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये अशा सिगारेटी सक्तीच्या केल्या, युरोपीय संघात २०११ मध्ये हे मानक लागू झालं. इथे ओढणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. अलार्मचं तसं नाही, त्याला वर्षानुवर्षं माणसाची साथ लागते.

आता आकड्यांबद्दल एक कुरकुर. सर्वांत वाईट भाग निवडून तिथे काम केलं की पुढच्या वर्षी आकडे बरेचदा आपोआप सुधारतात, कारण त्या वाईट वर्षात थोडं दुर्दैवही मिसळलेलं असतं. ओक्लाहोमाचा भाग असाच निवडला होता, लंडनचे वॉर्ड सोडतीने. तरी ओक्लाहोमात दर १०० आगींमागे जखमींचं प्रमाणही ७४ टक्क्यांनी घटलं होतं, ते नुसत्या नशिबावर ढकलता येत नाही. छोट्या गावात तर अडचण आणखी मोठी. वर्षाला एक-दोन बळी असतील तिथे दोनाचा शून्य होणं हा कार्यक्रमाचा गुण की योगायोग, हे दहा वर्षं थांबल्याशिवाय कळणार नाही. म्हणून मोजायचं ते त्याच्या एक पायरी अलीकडचं: वर्षभराने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत जायचं आणि बटण दाबायचं.

त्या फेरीच्या वहीत तीन रकाने पुरतात: वाजला, नाही वाजला, डबाच नाही. माझ्या मते चौथाही हवा: वाजला, पण ऐकू आला का? नेहमीच्या अलार्मचा स्वर ३,००० हर्ट्झच्या वर असतो, आणि वय वाढतं तसे नेमके तेच उंच सूर आधी ऐकू येईनासे होतात. गाढ झोपलेली लहान मुलंही त्या आवाजाने हलत नाहीत. ५२० हर्ट्झचा जाड, खालचा सूर दोघांनाही जास्त खात्रीने उठवतो. तेव्हा शिडीवरच्याने बटण दाबावं आणि दुसऱ्याने आतल्या खोलीत आजींच्या पलंगाशी, दार लोटून घेऊन उभं राहावं.