सयाजीबाग, बडोदे

सयाजीबाग : (कमाटीबाग). गुजरातमधील बडोदे (वडोदरा) शहरातले विश्वामित्री नदीकाठचे सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ सु. ४५ हेक्टर (११३ एकर). रेल्वे स्थानकाकडून जुन्या शहराकडे जाताना काळा घोडा चौक ओलांडला की नदीवरील पुलाच्या अलीकडे ते लागते. उद्यान महानगरपालिकेकडे, तर आतले वस्तुसंग्रहालय राज्य शासनाकडे आहे.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ मध्ये उद्यान स्थापिले, असे सर्वत्र नमूद असते. वर्षाबद्दल वाद नाही. मात्र नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा सोळा वर्षांचे होते. राज्याधिकार त्यांना डिसेंबर १८८१ मध्ये मिळाले. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. त्यामुळे आरंभ माधवरावांच्या कारकीर्दीतला व पुढची भर सयाजीरावांची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वस्तुसंग्रहालयाच्या वास्तुकाराबाबतही अशीच अडचण आहे. मेजर चार्ल्स मँट व रॉबर्ट चिझम अशी दोन नावे जोडीने दिली जातात. परंतु कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे आराखडे करणारे मँट १८८१ मध्येच निवर्तले आणि या इमारतीचे काम १८८७ मध्ये सुरू झाले. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा मँट यांनी आरंभिला व चिझम यांनी पुरा केला. त्यावरूनच ही जोडी इकडे आली असावी. इमारत चिझम यांची म्हणणे इष्ट. ती १८९४ मध्ये खुली झाली. शेजारचे चित्रवीथीचे दालन १९०८ ते १९१४ या काळात बांधले गेले, पण पहिल्या महायुद्धामुळे यूरोपात घेतलेली चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत व ते १९२१ मध्ये उघडले. या चित्रांची निवड मॅरिअन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने केली होती. दोन्ही इमारती आच्छादित मार्गाने जोडलेल्या आहेत.

संग्रहात सर्वांत मोलाच्या अकोटा येथील जैन ब्राँझमूर्ती. १९५१ मध्ये शहराच्या पश्चिमेस अशा ६८ वस्तूंचा निधी सापडला. दोन मूर्तींवरील लेखांत जिनभद्र वाचनाचार्य हे नाव येते. या मूर्तींचे अभ्यासक उमाकांत शाह यांनी त्यांना जिनभद्रगणी क्षमाश्रमण हे जैन आचार्य मानून, अक्षरवटिकेच्या (अक्षरांच्या वळणाच्या) आधारे या मूर्ती इ. स. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवल्या. लेख नसलेल्या मूर्तींचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो. ऋषभनाथाच्या प्राचीन मूर्तीसाठी शाह यांनी सुचवलेले इ. स. ४५० हे साल म्हणूनच पाच-पन्नास वर्षांची मोकळीक ठेवून वाचावे. निळ्या देवमाशाचा सु. २२ मी. लांबीचा सांगाडा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा आहे. इजिप्शियन ममीही येथे आहे. गर्दी तिच्याभोवतीच असते.

प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे. पात्रात मगरी मुक्त राहतात. उभ्या मातीच्या काठात त्या बिळे करतात व उन्हाळ्याच्या आरंभी अंडी घालतात. काठाला काँक्रीट घातले की ही जागाच नाहीशी होते. पाण्याच्या कडेला उतरणे धोक्याचे. पावागडाच्या डोंगरातून निघणाऱ्या या नदीला शहरात उतार फार कमी आहे. वरून आजवा जलाशयाचे पाणी येऊन मिळाले आणि खाली ढाढर नदी तुंबली, की पुराला वाट राहत नाही. पातळी उद्यानालगतच्या काळा घोडा पुलाशी मोजतात. धोक्याची खूण २६ फुटांची. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांवर गेले, आणि पाण्याबरोबर मगरी वस्तीत आल्या.

काळा घोडा चौकातील सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा (१९०७) शिल्पकार डर्वेंट वुड यांचा. उद्यानातील फुलांच्या घड्याळाची तबकडी २० फूट व्यासाची असून यंत्र जमिनीखाली आहे. तबकडीवरील झुडपे सतत छाटून ठेंगणी ठेवावी लागतात, नाहीतर काटे अडतात. याखेरीज तारांगण व मुलांची छोटी आगगाडी आहे.