युफ्रेशियाने आलेले डोळे बरे होतात का?

युफ्रेशिया ही होमिओपॅथीत डोळ्यांसाठी वापरली जाणारी वनस्पती. ‘डोळे आले की युफ्रेशियाचे थेंब टाका, अभ्यासातून सिद्ध झालंय’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. त्यासाठी सहसा 2000 सालच्या ज्या अभ्यासाकडे बोट दाखवतात, त्यात 65 रुग्ण होते आणि 53 जण पूर्ण बरे झाले. आकडा खरा आहे. पण औषध न घेणारा किंवा नुसते साधे थेंब घेणारा तुलनेचा गटच त्यात नव्हता. विषाणूमुळे आलेले डोळे बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरतात, मग श्रेय थेंबांना द्यायचं की दिवसांना? 1992 मध्ये ‘युफ्रेशिया 30’ हे होमिओपॅथिक औषध डोळे येणं टाळतं का, हे नकली औषधाशी तुलना करून पाहिलं गेलं. फरक आढळला नाही.

या नावातलं 30, म्हणजे 30सी, हे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं द्रावण. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ वनस्पतीचा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. घरी उकळलेला काढा वेगळा: त्यात वनस्पती असते, पण तो निर्जंतुक नसतो. डोळ्यात घालू नका.

त्यापेक्षा उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा, बोळा फेकून द्या, दुसऱ्या डोळ्याला नवा घ्या. टॉवेल वेगळा ठेवा, लेन्स काढा. उरलेले जुने स्टिरॉइडचे थेंब तर नकोच. डोळ्यात नागिणीचा (हर्पीस विषाणूचा) संसर्ग असेल तर त्यांनी बुबुळ बिघडतं. दुखणं, उजेड न सोसणं किंवा धूसर दिसणं असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.