स्वतंत्र, पण कशापासून? कलाकारांच्या लांबलचक मुलाखतींची पार्श्वभूमी

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एखाद्या गायकाची किंवा व्यंगचित्रकाराची मुलाखत कशी जाणार, हे नियमित ऐकणाऱ्याला आता तोंडपाठ असतं. लहानपणी काय ऐकलं, काय वाचलं, यात वीसेक मिनिटं जातात. मग कोणतं निब, कोणता कागद, कोणता माइक. आणि तासाभरानं, आवाज जरा खाली घेऊन, ‘मग घर कशावर चालतं?’ पहिले दोन प्रश्न जुनेच आहेत. तिसरा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला, आणि या गप्पांना वजन आलं ते त्याच्यामुळे, असं माझं मत.

फार मागं जायची गरज नाही. प्रश्न आणि उत्तरं समोरासमोर छापण्याची सुरुवात म्हणून बहुधा १८५९ सालची एक मुलाखत दाखवतात. न्यूयॉर्कच्या एका संपादकानं सॉल्ट लेक सिटीत जाऊन एका पंथप्रमुखाला प्रश्न विचारले होते. कलावंताला त्याच्या कामाची रीत विचारायची, हा प्रकार १९५३ साली पॅरिसमधून निघालेल्या एका इंग्रजी त्रैमासिकानं रुळवला. तिथं मुलाखतीचा मसुदा लेखकाकडे परत जायचा आणि त्याला हवी ती वाक्यं बदलता यायची. म्हणजे वाचक ज्याला गप्पा समजत होते, तो दोघांनी मिळून लिहिलेला निबंधच होता. बातमीदारीच्या शिस्तीत हे बसत नाही. पण त्या मुलाखती आजही वाचाव्याशा वाटतात.

१९६३ साली बर्लिनच्या एका प्रदर्शनात एका डच कंपनीनं कॅसेट दाखवली. पुढे खांद्याला लटकवता येणारं यंत्र आलं आणि मुलाखत घेणाऱ्याचे हात मोकळे झाले. १९७० च्या डिसेंबरात, नुकत्याच फुटलेल्या जगप्रसिद्ध चौकडीतल्या एका गायकाची अशीच दीर्घ मुलाखत न्यूयॉर्कमध्ये टेप झाली. पुढच्या वर्षी ती दोन अंकांत छापून आली आणि मग त्याच्या मनाविरुद्ध तिचं पुस्तकही निघालं. बोलणं आपलं, पण पुस्तक दुसऱ्याचं, ही तक्रार तेव्हापासूनची.

गाणारे आणि चित्रं काढणारे एकाच पंगतीत कसे आले, याचं उत्तर मात्र या बड्या नियतकालिकांत सापडत नाही. ते झेरॉक्सच्या यंत्रापाशी आहे. १९७६ च्या जुलैत लंडनमध्ये एका बँक कारकुनानं टाइपरायटर, जाड पेन आणि झेरॉक्स यांच्या जोरावर पंक (म्हणजे कच्च्या, बंडखोर रॉक) संगीताचं एक पत्रक काढलं. ते वर्षभरच चाललं, पण त्याच्या मागोमाग अशा पत्रकांचं पीकच आलं. त्यांत मुलाखती असत, हातानं काढलेली चित्रं असत, आणि दोन्ही बऱ्याचदा एकाच माणसाची. गाण्याच्या जाहिरातीला चित्र लागायचं, रेकॉर्डच्या कव्हरला चित्र लागायचं, आणि ते काढणारा मित्र त्याच खोलीत बसलेला असायचा.

१९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या चौघांनी सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती, आणि पुढे सोळा हजारांच्या आसपास विक्री. कव्हरवर कोणतं गाणं कितव्या खेपेला रेकॉर्ड झालं, तेही छापलं होतं. थोड्याच काळात आणखी एका मंडळीनं आपल्या पहिल्या रेकॉर्डला लागलेला एकूण खर्च, १५३ पौंड, दुसरीच्या कव्हरवर जाहीर केला. ‘हे एवढ्यात होतं, तुम्हीही करा’ असा त्याचा अर्थ. ‘घर कशावर चालतं?’ या प्रश्नाचं मूळ मला इथं दिसतं. कोणी विचारायच्या आधीच कलाकारांनी हिशेब मांडून ठेवला होता.

चित्रकथांच्या बाजूला असंच काही अमेरिकेत घडत होतं. १९७६ पासून तिथं निघत असलेल्या एका टीकात्मक मासिकानं व्यंगचित्रकारांच्या इतक्या लांब मुलाखती छापल्या, की तेवढं बोलायचं असतं हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. त्याच मासिकातल्या एका कथालेखकाच्या मुलाखतीत दुसऱ्या एका लेखकाबद्दल निघालेल्या उद्गारांवरून १९८० साली वीस लाख डॉलरचा बदनामीचा दावा झाला. निकाल १९८६ साली मासिकाच्या बाजूनं लागला. तोवर सहा वर्षं गेली होती.

त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या काही भावांनी १९८१ साली घरीच एक चित्रकथा छापली. तिच्यात सुपरहिरोंऐवजी पंक कार्यक्रमांना जाणाऱ्या मुली होत्या. अंक त्यांनी परीक्षणासाठी याच मासिकाकडे पाठवला आणि संपादकांनी परीक्षणावर न थांबता तो स्वतःच प्रकाशित करायला घेतला. पुढे या प्रकाशनाच्या यादीत एकेक करून त्यांचीच नावं आली, ज्यांच्या मुलाखती मासिक छापत होतं. परीक्षक, मुलाखतकार आणि प्रकाशक एकाच छपराखाली. याला हितसंबंधांचा गोंधळ म्हणणं सोपं आहे आणि ते खोटंही नाही. पण त्या काळात या माणसांना तीन तास ऐकून घ्यायला दुसरं कोण तयार होतं, हेही पाहायला हवं.

आता त्या शब्दाकडे वळू. ‘स्वतंत्र’, इंडिपेंडंट, इंडी. कोणाशी गप्पा मारायच्या हे या शब्दानं ठरतं, आणि तो स्वतः कधीच ठरलेला नाही.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र रेकॉर्डांची वेगळी विक्री-यादी छापायला सुरुवात झाली. यादीत कोण बसणार, याला एखादी कसोटी लागणार होती. संगीताचा बाज पाहावा तर भांडणं संपली नसती. म्हणून कोरडा निकष निवडला: रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आली पाहिजे. कागदावर हे चोख होतं. दशक संपेपर्यंत त्याचं हसं झालं. लंडनच्या एका निर्मात्या त्रिकूटानं घडवलेली, टीव्ही मालिकेतून आलेल्या ऑस्ट्रेलियन गायिकेची चकचकीत नाचगाणी या यादीत शिखरावर बसली, कारण त्यांचं वितरण स्वतंत्र होतं. उलट, वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये घासून वर आलेला एखादा बँड मोठ्या कंपनीशी करार करताच यादीबाहेर. मग बड्या कंपन्यांनीही शहाणपण केलं. छोट्या नावांची लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या उपकंपन्या, काढली, त्यांचं वितरण मुद्दाम बाहेर दिलं आणि यादीत घुसल्या. अखेर जून २००९ मध्ये निकष बदलला. वितरण कोणाचं हे सोडून मालकी पाहायचं ठरलं, आणि निम्मी तरी मालकी बड्या कंपन्यांबाहेर असलेलं लेबल स्वतंत्र झालं. तोवर एकोणतीस वर्षं उलटली होती आणि ‘इंडी’ हा शब्द गिटारच्या एका विशिष्ट आवाजाला कायमचा चिकटला होता. मालकी कोणाचीही असो.

चित्रकथांमध्ये घोळ दुसऱ्या टोकाकडून आला. तिथं वितरणाआधी हक्कांचा प्रश्न होता, कारण गाजलेली पात्रं काढणाऱ्यांच्या हातात त्या पात्रांची मालकी नव्हती. १९७७ साली कॅनडातल्या एकानं आपलं मासिक स्वतः छापायला घेतलं आणि ३०० अंक पुरे करून २००४ साली थांबला. १९८८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन इथं काही चित्रकारांनी एकत्र बसून निर्मात्याच्या हक्कांची सनदच लिहून काढली. मालकी आपली तर आपण स्वतंत्र, इतकं सरळ. चार वर्षांनी, १९९२ साली, एका बड्या कंपनीच्या लोकप्रिय चित्रकारांनी बाहेर पडून स्वतःचं प्रकाशन थाटलं. हक्क ज्याचे त्याच्याकडे. त्यांच्यातल्या एकाच्या पहिल्या अंकाच्या सतरा लाख प्रती गेल्या. आता सतरा लाख प्रती विकणारा स्वतंत्र आणि झेरॉक्सच्या चाळीस प्रती टेबलावर मांडून बसलेलाही स्वतंत्र. सनदेप्रमाणे दोघंही बरोबर. मुलाखतकारांनी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बोलावलं, आणि त्यात मला चूक दिसत नाही. पहिल्याला बोलायला जागा खूप होत्या.

मराठीत तर या शब्दाला आणखी एक पदर आहे. ‘स्वतंत्र नाटक’ म्हणजे रूपांतर किंवा भाषांतर नसलेलं नाटक. त्यामुळे ‘स्वतंत्र संगीतकार’ म्हटलं की स्वतःच्या चाली बांधणारा असं आधी मनात येतं, करार न केलेला असं नाही. शिवाय ‘संगीतकार’ आपल्याकडे चाल देणारा, गायक वेगळा, वादक वेगळा. ही तिन्ही कामं एकट्यानं स्वयंपाकघरात बसून करणाऱ्याला काय म्हणायचं? ‘व्यंगचित्रकार’ या शब्दाचीही तीच गत. त्यात एका चौकटीतला टोला आहे, पण सहा वर्षं खपून आपल्या आजारी वडिलांवर तीनशे पानं काढणारा त्यात मावत नाही. ‘चित्रकथाकार’ बरा, पण त्याला मुलांच्या मासिकाचा वास येतो.

पुढचं वळण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २००४ मध्ये एका ब्रिटिश दैनिकातल्या लेखात, इंटरनेटवरून उतरवून हवं तेव्हा ऐकायच्या आवाजी कार्यक्रमांच्या नव्या प्रकाराला नाव काय द्यावं, असं विचारताना लेखकानं तीन नावं सहज सुचवली होती. त्यातलं ‘पॉडकास्टिंग’ टिकलं. जून २००५ मध्ये संगीत विकणाऱ्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरनं पॉडकास्टची मोफत यादी दिली आणि दार उघडलं. छापील मुलाखतीचा खरा अडसर पानांचा आणि टेप उतरवून काढण्याचा होता. एक तास बोलणं कागदावर आणायला अर्धा दिवस जातो. तो अडसर गेला, आणि त्याच्याबरोबर काटछाटही गेली. पॅरिसच्या त्या त्रैमासिकात लेखक आपलं वाक्य परत घेऊ शकायचा. इथं ‘अं’ आणि ‘म्हणजे’ सकट सगळं जातं.

यात संगीतवाल्यांचा फायदा झाला आणि चित्रवाल्यांचा तोटा, हे फारसं कोणी बोलत नाही. गायकाशी बोलताना मध्येच गाणं वाजवता येतं. चित्रकाराचं पान ऐकवायचं कसं? छापील मासिकात प्रश्नाशेजारी तीच चौकट छापलेली असायची, ‘ही सावली उजवीकडे का?’ असं विचारता यायचं. आवाजी गप्पांत असे प्रश्न गळाले आणि उरल्या सवयी: किती वाजता उठता, किती पानं होतात, पाठ दुखते का. पाठ सगळ्यांचीच दुखते.

पैशाचा प्रश्न याच वर्षांत उघडपणे मध्यावर आला, कारण उत्तरं बदलत होती. २००८ साली कलाकाराला थेट विक्री करू देणारं संकेतस्थळ आलं, ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ठेवी. २००९ साली लोकवर्गणीचं एक मोठं व्यासपीठ आलं. २०१३ साली, मासिक वर्गणीचं व्यासपीठ काढणाऱ्यांपैकी एकजण स्वतःच संगीतकार होता. त्याच व्यासपीठानं डिसेंबर २०१७ मध्ये प्रत्येक वर्गणीवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट देणगीदाराकडून घ्यायचं जाहीर केलं. एक-एक डॉलर देणारे भराभर गळाले आणि आठवडाभरात निर्णय मागं घ्यावा लागला. त्यानंतरच्या मुलाखतींत ‘तुमचे एक डॉलरवाले किती?’ हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकला. कव्हरवर छापलेल्या त्या १५३ पौंडांचाच हा पुढचा हिशेब.

पण स्वतंत्र म्हणवणाऱ्यांचं सामान दुसऱ्यांच्या घरात ठेवलेलं असतं, हेही तेव्हाच कळलं. २०१९ साली एका जुन्या समाजमाध्यमानं, २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचं मान्य केलं. पाच कोटींहून अधिक गाणी होती ती. थेट विक्रीचं ते संकेतस्थळ २०२२ साली एका खेळ बनवणाऱ्या कंपनीनं घेतलं आणि पुढच्याच वर्षी विकून टाकलं, तेव्हा निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. २०२४ पासून इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्या सर्वांत मोठ्या सेवेनं बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदला देणं बंद केलं. १९७७ साली मँचेस्टरमध्ये पहिल्या खेपेला छापलेल्या प्रतीही बरोबर हजारच होत्या.