कानामागची खाच : चष्म्याची दांडी आणि टाक्यांचा व्रण

कानामागून शस्त्रक्रिया झालेल्यांची एक तक्रार दवाखान्याच्या कागदावर क्वचितच येते. जखम भरते, टाके निघतात, पण चष्मा घातला की दांडी नेमकी व्रणावर बसते. मग झिणझिण्या, चुरचुर, कधी सुई टोचल्यासारखी चमक. कुणाच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचं सडलेलं हाड कोरून काढलेलं असतं, कुणाची लाळग्रंथीतली गाठ काढलेली असते. आजार निरनिराळे, दुखायची जागा तीच. चष्मे बनवणारे आणि कानाचे सर्जन आपापल्या वाटेनं त्याच चिंचोळ्या खाचेत येऊन पोचले आहेत, आणि तिथे येण्याची दोघांचीही कारणं चोख आहेत.

चष्मा कानावर आला तोच फार उशिरा. इटलीत 1286च्या सुमारास तो तयार झाला तेव्हा त्याला दांड्या नव्हत्या. खिळ्यानं जोडलेली दोन भिंगं हातात धरायची, नाहीतर नाकावर चिमटवायची. त्रेविझोच्या मठात तोमाझो दा मोदेनानं 1352 साली काढलेल्या भित्तिचित्रात असाच चष्मा लावून लिहीत बसलेला धर्मगुरू दिसतो. पुढची काही शतकं लोक फिती आणि दोरे बांधून पाहत होते. लंडनचा चष्मेवाला एडवर्ड स्कार्लेट यानं 1730च्या आसपास ताठ दांड्यांचे चष्मे विकायला काढले, पण त्याही कानामागे जात नसत. आखूड दांडीच्या टोकाला धातूचं वेटोळं असे आणि ते कानशिलावर दाबून बसे. 1752 साली जेम्स आयस्कफ यानं दुहेरी बिजागरीची, डोक्याच्या मागच्या बाजूला वळणारी लांब दांडी आणली. कानाला खरा विळखा बसला तो 19व्या शतकाच्या उत्तरार्धात, कानाच्या मुळाभोवती पूर्ण गुंडाळणाऱ्या लवचीक तारेच्या दांड्यांनी. घोड्यावर बसलं तरी चष्मा उडायला नको, ही तेव्हाची गरज होती. आज आपण वापरतो तो वाक, म्हणजे कानाच्या माथ्यापर्यंत सरळ आणि मग मागे खाली उतरणारा, 20व्या शतकात प्लॅस्टिकच्या फ्रेमबरोबर घरोघर पोचला.

सर्जनची वाट अधिक जिवावरची होती. कान वाहता वाहता पू मागच्या पोकळ हाडात, मॅस्टॉइडमध्ये, साठला की तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. 18व्या शतकात पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी हे हाड उघडून पू काढला. पण 1791 साली कोपनहेगनमध्ये राजवैद्य फॉन बर्गर यांनी बहिरेपणासाठी हेच ऑपरेशन स्वतःवर करवून घेतलं आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यानंतर कित्येक दशकं कुणी त्या हाडाला हात लावायला धजेना. डब्लिनचे विल्यम वाइल्ड (लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे वडील) 19व्या शतकाच्या मध्यात कानामागे छेद घेऊन पू मोकळा करत. त्या छेदाला त्यांचं नाव मिळालं. 1873 साली जर्मनीच्या हाले शहरातले हेर्मान श्वार्ट्झं आणि त्यांचे सहकारी आयझेल यांनी हाड उघडण्याची पद्धत नीट मांडली, आणि तिथून हे ऑपरेशन रुळलं. 1940च्या दशकात पेनिसिलिन आलं तशी त्याची गरज घटली, पण संपली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004च्या अहवालात जुनाट कान वाहण्याचं प्रमाण 4 टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांत भारत होता. आपल्याकडे कानामागे खूण असलेली इतकी माणसं भेटतात ती यामुळेच.

छेद तिथेच का? हाड तिथे कातडीला अगदी लागून आहे, वाट मोठी मिळते आणि व्रण कानाआड झाकला जातो. लाळग्रंथीच्या ऑपरेशनमध्येही छेद कानापुढून निघून पाळीखालून मागे वळतो, तो बराचसा चेहऱ्यावरची खूण लपावी म्हणूनच. दिसण्याचा इतका बारीक विचार झाला; चष्म्याचा व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

दुखण्याचं मूळ बहुतेकदा नसांत असतं. पाळीला आणि कानामागच्या कातडीला संवेदना देणारी ग्रेट ऑरिक्युलर नस मानेतून वर येते. ती किंवा तिच्या फांद्या कापल्या गेल्या, ताणल्या गेल्या की काही भाग बधिर होतो आणि नस पुन्हा जागी होताना साध्या स्पर्शानंही चमक मारते. बधिर भागाची काळजी जास्त घ्यावी लागते: तिथे दांडी घासते ते कळतच नाही, आणि कळतं तेव्हा कातडी सोललेली असते.

कॉक्लिअर इम्प्लांट (बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून बसवायचं यंत्र) आल्यावर त्या खाचेत आणखी गर्दी झाली. विल्यम हाउस यांनी 1961 साली अमेरिकेत सुरुवात केली, ग्रॅम क्लार्क यांनी 1978 साली मेलबर्नमध्ये बहुवाहिनी (मल्टिचॅनल) यंत्र बसवलं. व्रण, या यंत्राचा आवाज टिपणारा कानामागचा भाग म्हणजे प्रोसेसर, आणि चष्म्याची दांडी, तिघंही एकाच जागी. 2020 मध्ये मास्कचं इलास्टिक चौथं आलं, तेव्हा अनेकांनी ते डोक्यामागे हुकला अडकवून वेळ निभावली.

दिलासा मिळाला तो आधी वजनातून. काचेच्या भिंगांची जागा प्लॅस्टिकनं घेतली, 1980च्या दशकात जपानमधून टायटॅनियमच्या फ्रेमा आल्या. पण चष्म्याचं बहुतेक वजन नाकच पेलतं, दांडी फक्त धरून ठेवते. म्हणून हलकी फ्रेम घेऊनही वाक चुकला असेल तर दुखणं राहतंच. चांगला चष्मेवाला दांडी गरम हवेवर धरतो, अंगठ्यानं दाबून जुना वाक उघडतो आणि थोडा मागे सरकवतो. टोक हाडावर न रुतता कातडीला समांतर उतरलं पाहिजे. ॲसिटेट या प्लॅस्टिकची दांडी अशी वळते, टीआर-90 या लवचीक प्लॅस्टिकची सहज वळत नाही. खरेदीच्या वेळीच हे विचारावं. सरळ, बिनवाकाची दांडी आणि मागून पट्टा, ही जुनी युक्ती कोवळ्या व्रणाला फार मानवते. दांडीवर सिलिकॉनची नळीही चालते, पण तिनं जाडी वाढते, तेवढा वाक सैल करून घ्यावा. धातूच्या दांडीत निकेल असेल आणि खाज सुटत असेल तर दांडीच बदलावी.

कातडी लाल झाली, ओलसर राहू लागली किंवा इम्प्लांटच्या उंचवट्यावर दाब येऊ लागला तर दुकानाआधी डॉक्टरकडे जावं. आणि एकदा वाक लावून काम संपत नाही. सुरुवातीला सुजेनं कान पुढे ढकललेला असतो, सूज उतरली की तो मागे बसतो; व्रणही वर्षभर आतून बदलत राहतो. दोनतीन महिन्यांनी दांडी पुन्हा बसवून घ्यावी लागते.