गांजाचा धंदा आणि बँका (अमेरिका)

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गांजाचं दुकान राज्याच्या लायसनवर राजरोस चालतं, पण त्या दुकानदाराला साधं करंट अकाउंट मिळवताना नाकी नऊ येतात, कारण राज्याचा कायदा एक सांगतो आणि फेडरल म्हणजे केंद्राचा दुसरंच. १९७० च्या फेडरल कायद्याने गांजाला शेड्यूल १ मध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक यादीत, हेरॉइनच्या पंगतीला बसवलं. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने औषधापुरता तो मोकळा केला, २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत लोकांनी मतदान करून मौजेसाठीही मोकळा केला, आणि १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत दुकानं उघडली. गिऱ्हाईक रांगा लावून आलं, गल्ला भरला, पण पैसा ठेवायचा कुठे?

गंमत म्हणजे 'गांजावाल्याचं खातं उघडू नका' असं सरळ सांगणारा कायदा नाहीच. बँका घाबरतात मनी लाँडरिंगच्या कलमांना, कारण फेडरल नजरेत हा गुन्ह्याचा पैसा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थखात्याच्या फिनसेनने, म्हणजे मनी लाँडरिंगवर नजर ठेवणाऱ्या विभागाने, वाट काढून दिली खरी, खातं ठेवा पण संशयास्पद व्यवहाराचे रिपोर्ट भरत रहा. त्यातही तीन प्रकार, गिऱ्हाईक नियमाने वागतंय तर 'मारिजुआना लिमिटेड', शंका आली तर 'प्रायॉरिटी', खातं बंद केलं तर 'टर्मिनेशन'. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी संशयाचा रिपोर्ट भरायचाच! काही छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन (सभासदांच्या पतसंस्था) हा व्याप करतात आणि त्याची फीही घसघशीत लावतात, मोठ्या बँका मात्र लांबच राहिल्या. फोर्थ कॉर्नर नावाची क्रेडिट युनियन कोलोरॅडोत खास याच धंद्यासाठी काढली, तर २०१५ मध्ये कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची विभागीय शाखा) तिला मास्टर अकाउंट, म्हणजे मध्यवर्ती बँकेतलं स्वतःचं खातं, नाकारलं, आणि त्याच्याशिवाय पैसे इकडून तिकडे पाठवणार कसे, मग कोर्टकचेऱ्या.

त्यामुळे कितीतरी दुकानं रोखीवर. नोकरांचा पगार रोख, कर भरायला नोटांच्या बॅगा, आणि चोरांना हे सगळं पक्कं माहीत. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या ऑरोरात अशाच एका दुकानावरच्या दरोड्यात सिक्युरिटी गार्डचा जीव गेला. २०२३ मध्ये मास्टरकार्डने डेबिट कार्डावरची गांजाखरेदीही बंद करायला सांगितली. वर टॅक्सचं २८०ई हे १९८२ चं कलम आहेच, ते तस्करांसाठी केलेलं पण लागतं लायसनवाल्यालाही, मालाची किंमत सोडली तर भाडं, पगार काहीच करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही.

हा धाक अमेरिकेबाहेरही पोचतो. उरुग्वेत देशाच्या कायद्यानेच परवानगी, जुलै २०१७ मध्ये फार्मसीतून विक्री सुरू झाली, आणि लगेच बँकांनी त्या फार्मसींची खाती बंद करायला घेतली, कारण डॉलरचे व्यवहार अमेरिकन बँकांमार्फत होतात आणि त्यांनी डोळे वटारले. सरकारी बँकेलाही मान तुकवावी लागली. कॅनडात २०१८ पासून गांजा देशपातळीवरच कायदेशीर, तिथे हा घोळ तितका नाही.

सुधारणा म्हणून सेफ बँकिंग बिल आलं, त्यात एवढंच की राज्याचं लायसन असलेल्या धंद्याला सेवा दिली म्हणून फेडरल यंत्रणेने बँकेला शिक्षा करायची नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ते ३२१ विरुद्ध १०३ मतांनी हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, पास झालं, नंतरही पुन्हा पुन्हा झालं, वरच्या सभागृहात, सेनेटमध्ये, दरवेळी अडकलं. २०२३ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती सेनेटच्या बँकिंग कमिटीतून १४-९ ने बाहेर पडली, पुढे गाडी तिथेच. मे २०२४ मध्ये गांजा शेड्यूल ३ या कमी कडक यादीत आणायचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांना वाटलं की आता बँकाही उघडतील, पण त्याने सुटतो तो २८०ईचा फास, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं फेडरल कायद्यात गुन्हाच राहतो आणि बँकेची भीती नेमकी त्याचीच आहे.